कल्पना घरची, कारखाना परक्याचा

‘नाक्यावरून एवढ्या दोन झेरॉक्स काढून आण’ असें घरांतील मुलास आपण दिवसाआड सांगतों. शिधापत्रिका असो, सात-बाराचा उतारा असो, मुलीची गुणपत्रिका असो. मूळ कागद कपाटांत आणि नक्कल हातांत, ही सोय आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं, झेरॉक्स हें एका कंपनीचें नांव आहे ह्याचेंही आपणांस विस्मरण झालें आहे. ज्या गृहस्थाच्या डोक्यांत ही युक्ति प्रथम आली, तो मात्र ती घेऊन वीसांहून अधिक कंपन्यांच्या दारीं गेला आणि प्रत्येक ठिकाणाहून रिकाम्या हातानें परतला. कल्पना सुचणें, ती सिद्ध करून दाखविणें आणि ती वस्तु घाऊक प्रमाणावर करून देणारा कारखानदार गांठणें, ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन साधल्या म्हणजे तिसरी आपोआप साधेल, अशी जी पुष्कळांची समजूत असते, ती निखालस चुकीची आहे.

हा विषय आज घेण्याचें कारण असें कीं, आपल्यासारख्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांत युक्तींची वाण सहसा नसते. एखाद्या काकूंना विळीच्या पात्यावर आपोआप बसणारें झांकण सुचतें, एखादा पुतण्या आजोबांच्या काठीस कळ दाबतांच उघडणारी बैठक बसवितो, आणि चार दिवस घरांत कौतुकही होतें. पुढें ‘ही वस्तु बाजारांत आणली तर?’ असा प्रश्न निघाला कीं घरांत दोन तट पडतात. वडील मंडळी म्हणतात, चांगली नोकरी असतां ही नसती उठाठेव कशाला? तरुण मंडळी म्हणतात, गांवाकडील जमीन विकूं, कर्ज काढूं, पण कारखाना आपलाच घालूं. पहिल्या पक्षाच्या हातून कल्पना मरते. दुसऱ्या पक्षाच्या हातून घर बुडण्याचा संभव असतो. ह्या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे. कल्पनेची मालकी आपल्याकडे ठेवावयाची, आणि उत्पादनासाठीं दुसऱ्याचीं यंत्रें, दुसऱ्याचे कामगार व दुसऱ्याचें भांडवल कामास लावावयाचें. ह्या मार्गाचा नीट विचार क्वचितच होतो. तो सोपा नाहीं, हें तर वर सांगितलेंच. पण तो कसा चालावा लागतो हें समजण्यास झेरॉक्सच्या इतिहासासारखें दुसरें उदाहरण नाहीं.

चेस्टर कार्लसन ह्याचा जन्म १९०६ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं झाला. वडील केशकर्तनाचा धंदा करीत. पण क्षय आणि संधिवात ह्या दोन दुखण्यांनीं ते खचले, आणि मुलगा चौदा वर्षांचा होतो न होतो तोंच घराचा मुख्य आधार बनला. तो सतरा वर्षांचा असतां आई वारली. अशा स्थितींत कर्ज काढून त्यानें १९३० सालीं कॅलिफोर्नियांतील कॅलटेक ह्या नामांकित संस्थेची पदार्थविज्ञानांतील पदवी मिळविली. पण तो काळ मंदीचा. ब्याऐंशी कंपन्यांस त्यानें नोकरीसाठीं पत्रें लिहिलीं. एकीनेंही जागा देऊं केली नाहीं. पुढें बऱ्याच धडपडीनंतर न्यूयॉर्क येथें पी. आर. मॅलरी ह्या विजेचें सामान करणाऱ्या कंपनीच्या पेटंट खात्यांत त्याची सोय लागली. तेथें कागदपत्रांच्या प्रती नेहमींच अपुऱ्या पडत. प्रत हवी म्हणजे पुन्हां टंकलेखन करावयाचें, नाहींतर फोटो काढून घ्यावयाचा. एकांत वेळ जाई व चुका होत, दुसऱ्यांत पैसा जाई. कार्लसन रात्रीं कायद्याचा अभ्यास करी. पुस्तकें विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें ग्रंथालयांत बसून पानेंच्या पानें हातानें उतरून घेई. त्यांत पाठीच्या कण्यास वडिलांप्रमाणेंच संधिवातानें ग्रासलें होतें. कागदाची नक्कल घटकेंत व्हावी ही त्याची इच्छा चैनीची नव्हती.

प्रयोगशाळा म्हणजे राहत्या बिऱ्हाडाचें स्वैपाकघर. जस्ताच्या पत्र्यावर गंधक वितळवून पसरावयाचें, तें मधूनमधून पेट घ्यावयाचें, आणि कुजक्या अंड्यांसारखा दर्प सगळ्या इमारतींत भरावयाचा. १९३८ सालीं पत्नीनें निक्षून सांगितलें कीं, हा उद्योग आतां दुसरीकडे न्यावा. तेव्हां ॲस्टोरिया भागांत सासूबाईंच्या मालकीचें घर होतें, त्यांतील माडीवरची एक खोली त्यानें भाड्यानें घेतली. (जांवयाकडून भाडें घेणाऱ्या ह्या बाईंची व्यवहारदृष्टि आमच्या कांहीं वाचकभगिनींस खचित आवडेल.) ऑटो कॉर्नेई नांवाचा एक बेकार ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ मदतीस ठेवला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं त्या दोघांनीं कांचेच्या पट्टीवर शाईनें तारीख आणि ‘ॲस्टोरिया’ हीं अक्षरें लिहिलीं. गंधकाचा लेप दिलेला पत्रा अंधारांत हातरुमालानें घासून त्यावर विद्युद्भार उत्पन्न केला. वर कांच ठेवून कांहीं क्षण दिव्याचा प्रखर प्रकाश पाडला. जेथें प्रकाश पडला तेथील भार नाहींसा झाला. अक्षरांच्या सावलींतील तेवढा राहिला. मग एका वनस्पतीची बारीक पूड वर भुरभुरून फुंकर मारली, तों पत्र्यावर अक्षरें उभीं! तीं मेणकागदावर उतरवून घेऊन ऊब दिली, कीं नक्कल पक्की. नाक्यावरच्या यंत्रांत आजही मूळ तत्त्व हेंच आहे.

येथवर शास्त्रज्ञाचें काम झालें. पुढचीं सहा वर्षें कार्लसन कारखानदार शोधीत होता. आय. बी. एम., जनरल इलेक्ट्रिक, आर. सी. ए. ह्यांसारख्या, ज्यांच्यापाशीं पैसा, यंत्रें आणि शास्त्रज्ञ ह्यांपैकीं कशाचीच उणीव नव्हती, अशा कंपन्यांकडे तो गेला. १९३९ ते १९४४ ह्या काळांत वीसांहून अधिक ठिकाणीं नकार मिळाला. ह्या नकारांवरून त्या कंपन्यांच्या चालकांस मूर्ख ठरविण्याची चाल पडली आहे; ती आम्हांस मान्य नाहीं. त्यांच्या जागीं आपण असतों तर काय पाहिलें असतें? एक संकोची, मितभाषी गृहस्थ. त्याच्या हातांत एक पत्रा. आणि त्या पत्र्यावरून कागदावर उतरलेलीं धुरकट अक्षरें. कारखानदार कल्पना पाहत नसतो. तो पाहतो कीं, हें करावयास कोणतीं यंत्रें लागतील, किती माणसें गुंततील, आणि जो माल आज खपतो आहे त्यास ह्यामुळें धक्का तर बसणार नाहीं ना? कार्बन कागद स्वस्त होता. ज्याची उणीव कोणी बोलून दाखवीत नाहीं अशी वस्तु बाजारांत आणण्याची निकड भरल्या घरास कोठून असणार? जेवून उठलेल्या माणसास पुन्हां पानावर बसविण्याचा हा प्रकार होता.

कार्लसनची चूक कोठें झालीच असेल तर ती दार निवडण्यांत झाली, असें आमचें मत आहे. सर्वांत मोठें नांव दिसलें कीं आधीं तेथें जावें, हा मोह आपणां सर्वांसच असतो.

तिढा सुटला तो आडवळणानें. १९४४ सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथील बॅटेल ह्या संशोधनसंस्थेचा एक मनुष्य दुसऱ्याच कामासाठीं मॅलरी कंपनीच्या पेटंट खात्यांत आला. बोलतां बोलतां कार्लसननें आपली गोष्ट काढली. बॅटेल ही संस्था कारखाना चालवीत नव्हती. कच्ची कल्पना पक्की करून कारखान्यास दाखविण्याजोगी करणें हें तिचें काम. तिनें पुढील खर्चाचा भार उचलला, आणि शेवटच्या हिशेबांत उत्पन्नाचा शेंकडा चाळीस हिस्सा कार्लसनच्या वांट्यास आला. साठ भाग दुसऱ्यास द्यावयाचे ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ संशोधकांच्या जिवावर येईल. पण तोंवरची त्याची शंभर हिश्शांची मालकी म्हणजे शंभर हिस्से शून्याचे होते. बॅटेलच्या शास्त्रज्ञांनीं गंधकाच्या जागीं सेलेनियम आणलें, हातरुमालाच्या घासण्याऐवजीं विजेच्या तारेनें भार देण्याची सोय केली, आणि धुरकट अक्षरें काळींभोर व ठसठशीत केलीं. तरीही पहिल्या पहिल्यानें कारखानदार येईना!

अखेर जो आला त्याचें नांव कोणी ऐकलें नव्हतें. न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर गांवीं १९०६ पासून हॅलॉइड नांवाची कंपनी फोटोचा कागद तयार करीत असे. त्याच गांवांत कोडॅक कंपनीचा अवाढव्य कारखाना. वडाच्या झाडाखालीं रोप वाढावें तशी ही कंपनी वाढत होती. तिच्या संस्थापकांत जोसेफ विल्सन नांवाचे गृहस्थ होते. त्यांच्यामागून मुलाकडे, आणि १९४६ सालीं त्याच नांवाच्या नातवाकडे कारभार आला, म्हणजे एका अर्थीं ती घराण्याचीच पेढी होती. महायुद्ध संपल्यावर फोटोच्या कागदांत चढाओढ वाढली, नफ्यास ओहोटी लागली, आणि तरुण विल्सन नव्या मालाच्या शोधांत होता. कंपनीचा संशोधनप्रमुख जॉन डेसॉअर ह्याच्या वाचनांत ह्या शोधाची हकीकत आली. ज्या वस्तूची मोठ्या घरास गरज नव्हती, ती ह्या लहान घरास तगून राहण्यासाठींच हवी होती. कारखानदार शोधणाऱ्यानें प्रथम हेंच पाहावें, असें आम्हांस वाटतें. ‘हा किती मोठा आहे?’ हा प्रश्न दुय्यम. ‘आपली वस्तु ह्याच्या कोणत्या अडचणीवर उतारा आहे?’ हा प्रश्न पहिला.

१९४६ च्या डिसेंबरांत झालेला त्यांचा पहिला करार पाहण्यासारखा आहे. हॅलॉइडनें दहा हजार डॉलर द्यावयाचे ठरलें. ही रक्कम लहान वाटते. पण १९४५ सालच्या तिच्या एकंदर मिळकतीचा तो एकदशांश होता. मोबदल्यांत सर्व हक्क मिळाले काय? नाहीं. एका मूळ कागदाच्या वीसपर्यंत प्रती काढणारीं यंत्रें करण्याची तेवढी मुभा, आणि तीही एकट्या हॅलॉइडपुरती राखीव नव्हे. बॅटेलला शंका होती कीं एवढी लहान कंपनी हें ओझें पेलील कीं नाहीं. हॅलॉइडला शंका होती कीं ही युक्ति कधीं कामास येईल कीं नाहीं. म्हणून दोघांनीं एकमेकांस आधीं बेताचेंच बांधून घेतलें. पुढें नऊ वर्षांनीं, १९५५ सालीं, परस्परांची पारख झाल्यावर, हॅलॉइडनें आपले पन्नास हजार भाग देऊन पेटंटांची संपूर्ण मालकी घेतली, आणि त्यांतील चाळीस टक्के कार्लसनला मिळाले. सोयरीक जुळवितांना आपण जी सावधगिरी बाळगतों, तीच येथें दिसते. पहिल्याच भेटींत सर्वस्व लिहून देणारा आणि पहिल्याच भेटींत सर्वस्व मागणारा, दोघेही टाळावे.

मध्यंतरीचीं वर्षें कशीं गेलीं हें सांगितलें नाहीं तर वाचकांची दिशाभूल होईल. १९४९ सालीं पहिलें यंत्र बाजारांत आलें. तें चालविण्यास इतक्या हस्तक्रिया कराव्या लागत कीं कचेऱ्यांनीं त्यास हात लावला नाहीं. परंतु छापखान्यांना ऑफसेट छपाईचे मूळ कागदी ठसे त्यावर स्वस्तांत करतां येतात असें आढळलें, आणि ज्या गिऱ्हाइकाचा कोणी विचारही केला नव्हता त्याच्या जिवावर धंदा तगला. १९४७ ते १९६० ह्या काळांत कंपनीनें ह्या एका कामावर सुमारें साडेसात कोटी डॉलर खर्च केले. तिच्या चालू धंद्याची तेवढ्या वर्षांची कमाई त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. घरांतील कोणत्या काकांनीं इतका पैसा पुरविला असता? मधल्या एका टप्प्यावर हॅलॉइडलाही यंत्र घडविण्यासाठीं मोठ्या कारखान्याची मदत हवीशी वाटली, आणि तिनें आय. बी. एम. ला विचारलें. त्या कंपनीनें तज्ज्ञांकडून अहवाल मागविला. त्यांनीं लेखी कळविलें कीं, कचेऱ्यांत ह्या यंत्रास भवितव्य नाहीं! तेव्हां हॅलॉइडनें तें स्वतःच घडविलें. १६ सप्टेंबर १९५९ रोजीं ‘९१४’ हें यंत्र लोकांसमोर आलें. वजन सुमारें साडेसहाशें पौंड, आणि प्रात्यक्षिकासाठीं ठेवलेल्या दोहोंपैकीं एकानें त्याच दिवशीं पेट घेतला. एवढें महाग यंत्र विकत कोण घेणार? म्हणून तें भाड्यानें द्यावयाचें आणि प्रतीमागें आकार घ्यावयाचा अशी योजना केली. तीच फळास आली. १९६१ सालीं कंपनीनें झेरॉक्स हेंच नांव धारण केलें.

कार्लसनला १९६५ पर्यंत निघालेल्या प्रत्येक प्रतीमागें सेंटचा सुमारें सोळावा भाग मिळत गेला. एवढ्याशा थेंबांचें तळें झालें तें सुमारें पंधरा कोटी डॉलरांचें, आणि १९६८ सालीं मृत्यूपूर्वीं त्यांतील दहा कोटींहून अधिक त्यानें दान केले होते. कॉर्नेईस मात्र ह्या धंद्याचा भरंवसा वाटला नाहीं. वर्षभरानें दुसरी नोकरी धरतांना पुढील उत्पन्नांतील आपल्या हिश्शाचा करार त्यानें आपण होऊन रद्द करून घेतला. कार्लसननें पुढें त्यास शंभर भाग बक्षीस पाठविले, हें त्याच्या सौजन्यास शोभलें. आणि ज्या पत्नीनें गंधकाचा दर्प सोसला, तिचा व त्याचा १९४५ सालीं घटस्फोट झाला. तिची बाजू कोणी फारशी मांडीत नाहीं. पगार प्रयोगांत, संध्याकाळ ग्रंथालयांत, रविवार माडीवरच्या खोलींत. असा संसार करण्याचें तिनें कबूल केलें होतें काय? घरांतील एकास ध्यास लागला म्हणजे त्याचें व्याज बाकीचे भरतात. तें किती भरावयाचें आणि किती वर्षें, हें आधींच सर्वांसमक्ष बोलून ठेवावें. नंतर बोलण्यास तोंड राहत नाहीं.

आतां वर सांगितलेल्या काकूंच्या विळीकडे वळूं. झांकण सुचलें, एका ओळखीच्या कारागिराकडून हातानें एक नमुनाही करवून घेतला. पुढें काय? बहुतेक घरीं पुढचें पाऊल असें पडतें कीं, चैत्राच्या हळदीकुंकवास आलेल्या पन्नास बायकांस तें कौतुकानें दाखविलें जातें. काकूंचा आनंद आम्हांस समजतो. परंतु १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणें अर्ज करण्यापूर्वीं जी गोष्ट चारचौघांत उघड झाली तिचें नावीन्य गेलें असें धरलें जाण्याचा धोका आहे. आधीं मुंबईच्या पेटंट कचेरींत तात्पुरतें विवेचन दाखल करावें. त्यापुढें पूर्ण विवेचन देण्यास बारा महिन्यांची मुदत मिळते, आणि पेटंट मंजूर झालें तर तें अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें टिकतें. केवळ आकारांत किंवा रूपांत नवेपणा असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखालीं नोंद होते. ती दहा वर्षें, आणि आणखी पांच वर्षें वाढवितां येते. कार्लसन स्वतः पेटंटाचा जाणकार होता. प्रयोग फळास येण्यापूर्वींच, १९३७ सालीं, त्यानें पहिला अर्ज केला होता. तरी पाहा, त्याचें मुख्य पेटंट ६ ऑक्टोबर १९४२ रोजीं मंजूर झालें. अमेरिकेंत त्या काळीं मुदत मंजुरीपासून सतरा वर्षांची. म्हणजे ‘९१४’ लोकांपुढें आलें त्याच्या पुढच्याच महिन्यांत ती संपली! कंपनीस पुढें संरक्षण मिळालें तें मधल्या सुधारणांवर घेतलेल्या निराळ्या पेटंटांचें. तेव्हां अर्ज लवकर करावा हें जितकें खरें, तितकेंच तो केल्यावर स्वस्थ बसूं नये हेंही खरें.

अर्ज झाला म्हणजे मग दहा घरीं दहा झांकणें महिनाभर वापरावयास द्यावीं, आणि कौतुक न मागतां तक्रारी मागाव्या. झांकण कोठें अडकतें, धुतांना सुटतें काय, डाव्या हाताच्या बाईस चालतें काय, ह्याचें टिपण कारखानदारापुढें ठेवलें कीं बोलणें निराळ्याच पातळीवर होतें. पत्र्यावरच्या धुरकट अक्षरांपेक्षां तें केव्हांही बरें.

आणि कारखानदार कोणता? प्रसिद्ध भांडीवाल्यांच्या बड्या कचेऱ्यांस पत्रें पाठवून उत्तराची वाट पाहण्यांत वर्ष जाईल. आपल्या प्रांतांत कोणतें काम कोठें होतें ह्याची साधी माहितीही आपणांस नसते. कोल्हापूर-शिरोलीकडे ओतकाम, इचलकरंजीस कापड, भोसरी-चाकणच्या बाजूस मोटारींच्या सुट्या भागांसाठीं पत्रा दाबणारे आणि प्लास्टिक ओतणारे लहान लहान कारखाने. ह्या शेवटच्यांपैकीं पुष्कळांचें काम एकदोन बड्या गिऱ्हाइकांवर अवलंबून असतें, आणि मोटारींचा बाजार मंदावला कीं त्यांचीं यंत्रें रिकामीं राहतात. तो मालक आपला विल्सन होय. त्यास आपली वस्तु गोड बोलून पटवावी लागत नाहीं. तिच्यापायीं महिन्यांतून यंत्र किती तास चालेल एवढें आंकड्यांनीं दाखवावें लागतें. मात्र आराखडा हातीं देण्यापूर्वीं गुप्ततेचा कागद लिहून घ्यावा. चांगला मालक त्यास हरकत घेत नाहीं.

साच्याचा हिशेब घरांतील सर्वांस समजेल अशा रीतीनें मांडून ठेवावा, कारण निम्मे तंटे तेथें होतात. समजा, प्लास्टिकच्या झांकणासाठीं पोलादी साचा करण्यास तीन लक्ष रुपये पडले. हजार झांकणें काढलीं तर प्रत्येकावर साच्याचाच बोजा तीनशें रुपये. पन्नास हजार काढलीं तर सहा रुपये. म्हणूनच कारखानदार ‘निदान इतका माल उचला’ असा आग्रह धरतो. तो लुच्चेपणा नव्हे. पण त्याबरोबर हेंही विचारावें कीं, साचा कोणाचा? पैसे आपण भरले असतील तर मालकी आपली, साचा दुसऱ्या कारखान्यांत हलविण्याचा अधिकार आपला, आणि आपल्या मागणीवांचून त्यांतून एकही नग निघावयाचा नाहीं, हें स्वच्छ लिहिलेलें असावें. साचा अडकून पडला कीं पेटंट असूनही हात बांधले जातात. उलट साचा कारखानदारानें आपल्या पैशानें केला असेल, तर त्यानें वस्तु विकावी आणि आपणांस विक्रीवर ठराविक टक्के रॉयल्टी द्यावी. ‘नफ्यावर टक्के’ असें कधींही लिहूं नये. विक्री मोजतां येते. नफा हा हिशेबनीसाच्या हातचा खेळ आहे. आणि वर्षाकाठीं निदान अमुक रक्कम न आल्यास हक्क आपोआप परत, हें कलम अवश्य असावें. नाहींतर आपली कल्पना त्याच्या कपाटांत बंद राहील आणि आपण दुसऱ्याकडेही जाऊं शकणार नाहीं.

कोणीच तयार झालें नाहीं तर? अमेरिकेंतील मॅरियन डोनोव्हन ह्या बाईंची गोष्ट येथें आठवते. वडील व चुलते साउथ बेंड गांवीं लेथ यंत्रांचा कारखाना चालवीत. लहानपणीं आई वारल्यामुळें मुलगी कारखान्यांतच वावरत वाढली. १९४६ सालीं, पदरीं तान्हें मूल असतां, रोज ओली होणारी दुपटीं बदलून बदलून ती कंटाळली, आणि न्हाणीघराचा मेणकापडी पडदा कापून तिनें लंगोटावर घालण्याचें एक आवरण शिवलें. पुढें तें नायलॉनचें केलें आणि टांचण्यांच्या जागीं बटणें आणलीं. कारखानदारांकडे गेली तों उत्तर एकच : बायका असली वस्तु मागत नाहींत. तेव्हां तिनें कारखानदारांचा नाद सोडला, स्वतःच माल शिवून घेतला, आणि १९४९ सालीं न्यूयॉर्कच्या सॅक्स ह्या मोठ्या दुकानांत मांडला. तो हातोहात खपला. १९५१ सालीं पेटंट मंजूर झालें, आणि त्याच वर्षीं केको नांवाच्या कंपनीनें दहा लक्ष डॉलर मोजून सर्व हक्क विकत घेतले. दुकानदाराची दुसरी मागणी ही कारखानदारापुढें कोणत्याही आराखड्यापेक्षां अधिक बोलते. शिवणयंत्रावर, साध्या प्रेसवर किंवा हातकामानें शंभर-दोनशें नग होण्यासारखे असतील, तर आधीं तेवढेच करावे आणि एखाद्या दुकानाच्या फळीवर ठेवावे. घर गहाण टाकावें लागत नाहीं.

पण ह्याच बाईंस पुढें कागदाचा, एकदां वापरून टाकून देण्याचा लंगोट सुचला, आणि तो घेऊन ती निरनिराळ्या कागद-कारखान्यांकडे गेली. दहा लक्ष डॉलरांची कीर्ति पाठीशीं असूनही कोणी तो घेतला नाहीं. ही वस्तु घरीं शिवण्यासारखी नव्हती. तिला कागदाची गिरणीच हवी होती. १९६१ सालीं प्रॉक्टर ॲण्ड गॅम्बल कंपनीनें, आपल्याच माणसांनीं केलेल्या संशोधनावरून, तसला लंगोट ‘पँपर्स’ ह्या नांवानें बाजारांत आणला. तोंवर डोनोव्हनबाई येल विद्यापीठाची वास्तुशास्त्राची पदवी घेऊन मोकळ्या झाल्या होत्या.

रॉयल्टीच्या करारनाम्याचा मसुदा कसा असावा, आणि एकत्र कुटुंबांत पेटंट कोणाच्या नांवें घ्यावें, हा प्रश्न मोठा आहे. काकूंच्या विळीवर काकांचें नांव कां पडतें, ह्यासह तो पुढील महिन्यांत घेऊं.